अप्पा वकील आणि हरवलेली येळवस

आमच्या अप्पांच्या ऑफिसात कुणी पक्षकार "आठवत न्हाई" म्हणाला की मी टायपिंग थांबवायचे आणि खुर्ची जरा मागं सरकवायचे. आता तमाशा होणार, हे मला सोळा वर्षांच्या अनुभवानं ठाऊक झालं होतं.

शिवलिंगअप्पा फौजदारीचे वकील. बिदरच्या कोर्टासमोरच्या गल्लीत, झेरॉक्सच्या दुकानावरच्या माडीवर त्यांचं ऑफिस. मी तिथं टायपिस्ट. माझं माहेर उदगीरचं, त्यामुळं लग्न होऊन बिदरला आले तेव्हा कानडीचं एक अक्षर येत नव्हतं. जी शिकले ती अप्पांच्या शिव्या ऐकून. अप्पा मराठीत समजावायचे, दखनीत थट्टा करायचे आणि संताप आला की कानडीत शिरायचे. पक्षकार मधेच बडबडायला लागला की "सुम्म कुंदुर!" म्हणून ओरडायचे, म्हणजे गप बस. माझ्या वडिलांच्या वयाचे होते, तरी मला पहिल्या दिवसापासून "अक्का"च म्हणाले. मीही कधी "सर" म्हटलं नाही. अप्पा ते अप्पा.

सकाळी लिंगपूजा झाल्याशिवाय ते कुणाचा फोन घेत नसत, मग तो जामीन अडकलेला आमदाराचा मेहुणा का असेना. डायरी ठेवत नसत. तारखा डोक्यात. कोट खिळ्याला टांगलेला, त्याचं मधलं बटण तपकिरी आणि बाकीची काळी. मी तीनदा काळं बटण आणून दिलं, तिन्ही हरवली. "कोर्ट बटनाकडं बघत न्हाई अक्का, तोंडाकडं बघतं," असं वर मलाच ऐकवायचे. आणि आलेल्या माणसाला आधी खायला घालायचे. खालच्या हॉटेलातून सुशीला मागवायची, म्हणजे आमच्याकडचे फोडणीचे चुरमुरे, आणि तो खात असताना समोर नुसतं बघत बसायचं. मी एकदा विचारलं, याची फी कुणी द्यायची? तर म्हणाले, "खाताना मानूस खोटं बोलत न्हाई. त्याचं तोंड कामात असतंय."

"आठवत न्हाई" म्हणणाऱ्यांवर त्यांचा विशेष राग. असा पक्षकार दर महिन्या-दोन महिन्याला एक यायचाच. दारूत होतो, आठवत नाही. डोक्याला मार लागला, आठवत नाही. चक्कर आली, आठवत नाही. अप्पा तुटून पडायचे नाहीत, उलट लई गोड व्हायचे. भालकीकडचा एक जण आला होता, मेव्हण्याचा हात मोडला म्हणून केस झालेली. "त्या दिवसाचं कायसुदीक आठवंना अप्पा." अप्पा म्हणाले, "बरं बरं, ताप नको करून घेऊ. खा." मग इकडचं-तिकडचं. ऊस किती, बैल कुठले, पोरगं काय शिकायलंय. मधेच अगदी सहज म्हणाले, "त्या दिवशी वारं लई सुटलं होतं न्हाई रे?"

"वारं कुठलं अप्पा, जीव जायची पाळी, एवढं उकडायलं होतं!"

अप्पांनी फाईल मिटून त्याच्या हातात दिली. "जा बाबा. उकडल्यालं आठवतंय, हात मोडल्यालं आठवत न्हाई. दुसरा वकील बघ." तो गेल्यावर मी पोट धरून हसले.

पण या रागाला एक दुखरी जागा होती, ती मला त्यांच्या बायकोनं सांगितली. मी यायच्या आधीची गोष्ट. एक वयस्कर, शांत, कपाळाला भस्म लावलेला माणूस. शेजाऱ्याला मारल्याचा आरोप. तो म्हणाला, आठवत नाही. अप्पांनी मनापासून विश्वास ठेवला आणि जीव तोडून खटला लढवला. माणूस सुटला. आठवड्यानं पेढे घेऊन आला आणि जाता जाता दारात म्हणाला, "त्यानं 'आई गं' म्हणून कसं वरडलं, अजून कानात हाय बघा अप्पा." अप्पांनी तो पेढ्यांचा डबा उघडला नाही. टेबलावर तसाच ठेवला, मुंग्या लागेपर्यंत. तेव्हापासून त्यांनी ठरवलं की असली केस घ्यायची नाही, आणि त्या माणसाचं नाव घरात काढायचं नाही.

म्हणून नामदेव आला तेव्हा मी खुर्ची मागं घेतली.

नामदेव जनवाड्याच्या पुढच्या एका खेड्यातला शेतकरी, पन्नाशीचा. सोबत बायको सुमन. आरोप साधा नव्हता. सख्ख्या धाकट्या भावावर, बालाजीवर, विळ्यानं वार करून जीव घ्यायचा प्रयत्न केला, असं मोठं कलम लागलेलं. बालाजीच्या खांद्यात विळा शिरला होता, गळपट्टीचं हाड मोडलं होतं. दोघांच्या शेतांमधे एकच बांध, आणि त्या बांधावरनं भांडण झालं, असा बालाजीचा जबाब. पाहिलेलं कुणी नाही, बायका तोवर भांडी घेऊन गावात परतल्या होत्या. नामदेव बांधाखाली बेशुद्ध सापडला, पण डोक्याला जखम म्हणावी अशी दिसत नव्हती. पोलिसांचं म्हणणं, वार केल्यावर घाबरून पडला आणि आता सोंग करायलाय.

हे सगळं घडलं येळवशीला. वेळा अमावस्या म्हणतात ती. आमच्या भागात त्या दिवशी गावात कुत्रंसुद्धा राहत नाही. शेतात कडब्याची कोप, म्हणजे खोपटं, करायचं कोपऱ्यात; तिच्यात पाच दगडांना चुना लावून पांडव मांडायचे, पूजा करायची आणि मग शेंगा-पालेभाज्यांची मिसळ भज्जी, भाकरी, बाजरीचे उंडे, मडक्यातलं ताकाचं आंबिल. येईल त्याला जेवायला बसवायचं. पाहुणा एका कोपीत जेवला की शेजारचा ओढून नेणार, चला, आमच्यातबी एक घास खावा. नाही म्हणायची सोय नाही.

"सकाळी आंबिल पिलो," नामदेव सांगत होता. "भज्जीच्या भांड्याचं झाकण काढलो, वास आला. मंग एकदम दवाखान्यातला पंखा. मदलं कायबी न्हाई अप्पा. आठवत न्हाई."

झालं! मी अप्पांकडं बघितलं. अप्पा गोड होऊन म्हणाले, "खा."

नामदेवनं खाल्लं नाही. चुरमुऱ्यांची ताटली तशीच धरून म्हणाला, "अप्पा, तुमी शिकल्याले हाव. तुमी कागदं वाचून सांगा. मी मारलो का हो माझ्या भावाला?"

अप्पांनी त्याची फाईल पुढं ओढली. आयुष्यात आरोपींनी त्यांना सुटतो का, जामीन कधी, खर्च किती असलं सगळं विचारलं असेल. हे कुणी विचारलं नव्हतं. नामदेव म्हणाला, "बाळ्याला मी पाठीवर घिऊन साळंला नेल्यालं आठवतंय. त्याच्यावर हात उचलल्यालं आठवंना. जेल झाली तर जाईन. पण केलो का न्हाई, हे कळल्याबिगर झोप लागंना."

अप्पांनी वकीलपत्र घेतलं. नवरा-बायको गेल्यावर मी अप्पांशी भांडले. खोटं कशाला बोलू, मला तो अट्टल ढोंगी वाटला होता. "अप्पा, एवढ्या जणांना हाकललं आणि याच्या एका प्रश्नाला भुललात?"

"असं कुनी इचारतंय व्हय गं?"

"लई हुशार असला तर तेबी इचारंल."

"व्हय," अप्पा म्हणाले. "तेबी खरंच हाय." आणि कोटाचं ते तपकिरी बटण चाळत बसले.

पुढच्या चार-पाच महिन्यांत त्यांनी नामदेवला तीनदा बोलावलं. प्रत्येक वेळी तीच येळवस पहाटेपासून सांगायला लावली आणि मला शब्द न् शब्द टाइप करायला लावला. भांडणाबद्दल चकार शब्द विचारला नाही. चुना कुणी आणला, उंडे किती केले, आंबलाचं मडकं कुणाच्या डोक्यावर होतं. दुसऱ्या वेळी नामदेवला थोडं अधिक आठवलं, पांडवांना चुना लावताना बोट कापलं होतं ते. तिसऱ्या वेळी अजून जरासं, कोपीत आंबिल शिंपल्याचं. पण तिथंच सगळं थांबायचं. अप्पांनी तिन्ही कागद शेजारी शेजारी ठेवले आणि म्हणाले, "पाठ केल्यालं मानूस तसंच्या तसं म्हनतंय. हे कडंकडंनं उजाडायलंय." मी म्हटलं, बघा बाई, तुम्हीच काय ते.

आणि मग एक दिवस सुमन वैतागली. नामदेव खाली चहाला गेला होता. ती म्हणाली, "वकीलसाहेब, खटल्याचं ऱ्हाऊ द्या, आदी याला याह्याशी बोलायला सांगा. माझ्या लेकीचा संसार मोडायला बसलाय ह्यो."

"कामून? काय झालं?"

याही म्हणजे व्याही. तर गोष्ट अशी. त्याच वर्षी त्यांच्या लेकीचं, ज्योतीचं, औरादकडं लग्न झालं होतं. लग्नानंतरची पहिली येळवस, म्हणून नामदेवनं व्याह्यांना मानानं जेवायला बोलावलं. ते आले, कोपीत बसून जेवले, नामदेवनं व्याह्यांना टॉवेल-टोपीचा आहेर केला आणि ते गेले. भांडण झालं ते त्यानंतर. दुसऱ्या दिवशी व्याही दवाखान्यात भेटायला गेले तर नामदेवनं भिंतीकडं तोंड फिरवलं. "बोलवून बी आला न्हाईत. माझी वाट बघून भज्जी निवली. आता कशाला आलाव?" व्याही बिचारे बघतच राहिले! नामदेव तेव्हापासून त्यांच्या दारात गेला नव्हता. लेक दिवाळीला आली तर जावयाशी बोलला नाही.

अप्पा खुर्चीतून पुढं आले. "दुसऱ्या दिवशी? पोलीस कवा आले?"

"चौथ्या दिवशी. तवर आमाला केस झाल्यालं ठावंच नव्हतं. बाळ्याला त्याच्या सासुरवाडीवाल्यांनी उदगीरच्या दवाखान्यात नेल्यालं."

"आणि तू नवऱ्याला सांगितली न्हाईस, ते येऊन जेवून गेले म्हनून?"

"शंबर बार सांगितले! म्हनतो, तू त्यांची बाजू घ्यायलीस, लेकीसाठी खोटं बोलायलीस."

तेवढ्यात नामदेव जिना चढून आला. अप्पांनी त्याला बसवलं. "कामून रे, याही येळवशीला आले नव्हते का?"

नामदेवचा चेहरा लाल झाला. "नाव काढू नका त्यांचं. एवढ्या मानानं बोलवलो."

"बायको म्हनती आले होते."

"तिला काय, ती म्हननारच."

"वा रे पठ्ठ्या! तू बायकोवर इस्वास ठेवंना, आनि कोर्टानं तुझ्यावर ठेवावा व्हय?" नामदेव ओशाळला, पण हेका सोडला नाही.

ते गेल्यावर अप्पा माडीवर येरझाऱ्या घालायला लागले. मला म्हणाले, "अक्का, खोटं इसरनारा फायद्याचं इसरतो. ह्यो बघ, तोट्याचंबी इसरला. लेकीच्या सासरशी वाकडं घ्यायला कोन सोंग करील? तेबी वकील नव्हता, पोलीस नव्हता तवा?"

"मग झालं तर. सुटला म्हणा."

"हुच्च हाईस का, येडे? इसरला म्हनून गुन्हा मिटत न्हाई. पन सरकारी वकिलाचं सगळं घोडं ह्याच्यावरच हाय, की ह्यो लबाड हाय, म्हनून भाऊ सांगतोय तेवढंच खरं. बाळ्या काईतरी अर्धं सांगायलाय. ते बाकीचं अर्धं कुनाच्या डोक्यात हाय? एकट्या बाळ्याच्या."

त्यांनी नामदेवला सक्त ताकीद दिली, व्याह्यांचा विषय बंद. आणि नामदेवला न सांगता व्याह्यांना साक्षीला बोलावलं.

तारखेला मी फाईल घेऊन अप्पांच्या मागं बसले होते. आधी डॉक्टरांची साक्ष झालेली. डॉक्टर प्रामाणिक माणूस, म्हणाले, डोक्याला हादरा बसला तर आधीचे-नंतरचे काही तास पुसले जाऊ शकतात, त्या रिकाम्या जागी माणूस नकळत मनचंच काही भरतो आणि तेच खरं धरतो, बाहेर जखम असलीच पाहिजे असं नाही; पण या माणसाचं तसं झालंय का, ते दाखवणारं यंत्र माझ्याकडं नाही. सरकारी वकील हसून म्हणाले, सोयीचं तेवढं बरं पुसलं गेलं! कोर्टातले लोकही हसले. मागच्या बाकावर बालाजी बसला होता, तोही हसला, पण कडवट. मारलं ते मारलं आणि वर विसरलो म्हणतो, याचाच त्याला जास्त राग होता म्हणे.

मग व्याही पिंजऱ्यात आले. साधे, घाबरलेले. अप्पांनी विचारलं, येळवशीला कुठं जेवलात? म्हणाले, नामदेवरावांच्या कोपीत. काही आहेर केला का? व्याह्यांनी पिशवीतनं एक टॉवेल काढला. "ह्यो केले. मी वापरलो न्हाई अजून."

आणि आरोपीच्या पिंजऱ्यातनं नामदेव ओरडला, "खोटं! जज्जसाहेब, खोटं बोलायलाय ह्यो मानूस! मी कवा दिलो तुला टॉवेल? आलताव कवा तुमी?"

अप्पा गर्रकन वळले. "सुम्म कुंदुर!" पण नामदेव ऐकतोय कुठला! स्वतःच्याच साक्षीदाराला, जो त्याला वाचवायला आला होता त्याला, भर कोर्टात लबाड म्हणत होता. "लेकीच्या बापाची इज्जत घेतलाव, आन आता टॉवेल दाखवायलाव?" डोळ्यांत पाणी, दोन्ही हातांनी पिंजऱ्याचा कठडा धरलेला. जज्जसाहेबांनी चष्मा काढला आणि कितीतरी वेळ त्याच्याकडं बघत राहिले. सरकारी वकिलांनी एकही प्रश्न विचारला नाही.

मी मागं बघितलं. बालाजीचं हसू गेलं होतं. व्याही आले होते हे त्याला पक्कं माहीत होतं. त्याच्या डोळ्यांदेखत जेवले होते. त्या क्षणी मला पटलं. मी, जी इतके दिवस ढोंगी ढोंगी म्हणत होते, ती खाली मान घालून बसले. बाहेर आल्यावर अप्पांना म्हटलं, "माझं चुकलं. तुम्हाला कधी पटलं होतं हो अप्पा?" ते म्हणाले, "आधी पानी दे."

खटल्याचं पुढं काय झालं ते इथंच सांगून टाकते. बालाजीला पुन्हा पिंजऱ्यात बोलावलं, त्यानं सगळं सरळ सांगितलं, मोठं कलम गेलं, लहान राहिलं ते दोघा भावांनी कोर्टाच्या परवानगीनं तडजोडीनं मिटवलं. पण तोवर अप्पा नव्हते. शेवटच्या तारखेला दुसऱ्या वकिलांनी काम बघितलं. अप्पांना छातीचा त्रास सुरू झाला आणि मुलगा त्यांना कलबुर्गीला घेऊन गेला. तिथंच ते गेले. मला भेटायला जायला जमलं नाही, आणि ते मला लई लागलं. म्हणून अप्पा मला शेवटचे दिसतात ते त्याच टॉवेलच्या दिवशी, जेवणाच्या सुट्टीत, माडीवर.

नामदेव आणि सुमन बाकावर बसले होते. नामदेव अजून धुसफुसत होता. जिन्यावर पावलं वाजली आणि दारात बालाजी येऊन उभा राहिला. वहाणा बाहेर काढल्या, पण आत येईना. नामदेव उठला. दीड-दोन वर्षांत एकमेकांसमोर असे उभे राहिलेच नव्हते.

अप्पा म्हणाले, "अक्का, कंप्युटर बंद कर." मग स्वतःची खुर्ची फिरवून खिडकीकडं तोंड करून बसले. "मी हितं न्हाई. काय बोलायचं ते बोला."

नामदेवनं विचारलं, "बाळ्या, मी मारलो का तुला?"

"व्हय दादा."

सुमननं तोंडाला पदर लावला. बालाजी म्हणाला, "एक थोबाडीत मारलास. मी इळा घिऊनच तुझ्या अंगावर आलतो. कडबा तोडायलो होतो, इळा हातातच ऱ्हायला. तू मारलास, मी तुला धरलो, दोघंबी बांधाखाली पडलो. माझाच इळा मला लागला. राग लई होता, म्हनून पोलिसाला तसं सांगितलो."

नामदेवनं हळूहळू मान हलवली. मला वाटलं होतं आता तो ओरडेल, हात उगारेल. तो नुसता म्हणाला, "मारलो म्हना की मी." मग वर बघून, "आनि भांडलो कामून? बांधावरून?"

"बांधाचं लोकात सांगितलो. घासावरून भांडलो म्हनून कसं सांगू?" बालाजीचा आवाज फाटला. "ज्योतीचे सासू-सासरे तुझ्यात जेवले. मी हात जोडून म्हनलो, पावनं, पल्याड माझीबी कोप हाय, एक घास खाऊन जावा. तू म्हनलास, नको, उशीर झालाय, जाऊ दे त्यांना. वाटन्या झाल्यावर माझी पयली कोप होती दादा. माझी बायकू आंबिल घिऊन उभी होती."

"मी?" नामदेव म्हणाला. "मी असं म्हनलो?"

"व्हय."

"पावन्याला तुझ्या कोपीत जाऊ दिलो न्हाई? येळवशीला?" तो भिंतीला टेकला आणि तसाच खाली बसला. "ज्योतीला तू खांद्यावर घिऊन वाढवलास. तिचे सासू-सासरे... आरं बाळ्या, मी असं कसं केलो रे?" मारल्याचं ऐकून नुसती मान हलवणारा तो माणूस त्या एका घासापायी हमसून हमसून रडायला लागला. बालाजी आत आला आणि त्याच्या शेजारी खाली बसला. 

मला तिथं उभं राहवेना. तांब्या-भांडं घेऊन मी खिडकीकडं गेले. अप्पा आमच्याकडं पाठ करून बसले होते, पण सगळं ऐकलं होतं. कोटाच्या बाहीनं डोळे पुसत होते. मी पाणी पुढं केलं तर त्यांनी माझं मनगट धरलं. 

"खरंच इसरला होता गं," ते इतकं हळू म्हणाले की मला वाकावं लागलं.

"म्हणजे? अप्पा, तुम्ही तर पहिल्यापासनं..."

"न्हाई, अक्का," ते म्हणाले. "आत्ता पटलं मला."